हजेरीपटातली खाडाखोड

स्टाफरूममध्ये नवा माणूस आला की त्याची बॅग खाली टेकायच्या आधी त्याला एक प्रश्न विचारला जातो: "किती वर्षं झाली?" म्हणजे या देशात येऊन किती वर्षं झाली. 'तीन महिने' असं उत्तर आलं की विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर वडीलधारं हसू पसरतं. 'चार वर्षं' आलं की तो जरा सावरून बसतो. आणि समोरच्याचा आकडा आपल्या आकड्यापेक्षा मोठा निघाला, की लगेच झेरॉक्स मशीनचा विषय निघतो. परदेशात इंग्रजी शिकवणाऱ्या आम्हा मंडळींत पदवी, हातोटी, मुलांशी जमणं वगैरे सगळं नंतर येतं. आधी हा आकडा. बारा वर्षं काढलेला आमचा सगळ्यात ज्येष्ठ सहकारी टॅक्सीवाल्याला 'डावीकडे घ्या' म्हणायचं झालं तर अजून हात हलवतो. पण बारा म्हणजे बारा.

मी हे काम नऊ वर्षं करतेय आणि हा माझा तिसरा देश. (पाहा, मीही सांगितलाच आकडा.) देशाचं नाव लिहीत नाही. सहकारी रोज समोर बसतात, आणि त्यांच्यापैकी दोघं तरी भाषांतराच्या ॲपमध्ये घालून हे वाचतील. शिवाय नावानं फार काही बिघडत नाही. तिन्ही देशांतल्या स्टाफरूम मी पाहिल्यात. भिंतींचा रंग बदलतो, माणसं तीच असतात. ज्याचं जगणं सोपं झालंय असं एकही माणूस मला तिथं भेटलेलं नाही आणि ज्याला हे कबूल आहे असंही नाही.

सगळ्यात गमतीशीर सवय म्हणजे मोडकं इंग्रजी. मुलांचं नव्हे, आमचं. दिवसभर "यू... गो... वेअर... टुमॉरो?" असं तोडून तोडून, खणखणीत आवाजात बोलायची सवय लागते. क्रियापदाचं रूप गळतं, 'द' आणि 'अ' गळतात, हातवारे वाढतात. चार्ल्स फर्ग्युसन या भाषाशास्त्रज्ञानं १९७१ साली या बोलीला 'फॉरिनर टॉक' असं नावही देऊन ठेवलंय. समोरच्याला आपली भाषा येत नाही असं गृहीत धरलं की माणूस आपलीच भाषा सोलून, हाडं तेवढी ठेवून वाढतो. दुकानात, बसमध्ये एक वेळ चालेल. पण पूर्ण वाक्य कसं असतं हे दाखवायचाच पगार घेणाऱ्यानं वर्गात असं बोलावं? आमच्यातला एकजण एकदा मधल्या सुट्टीत आईशी फोनवर बोलत होता. आई इंग्लंडात, लीड्सला, जन्मापासून इंग्रजी बोलणारी. आणि हा तिला सांगतोय, "मम. Tomorrow"... छे, देवनागरीतच लिहिते: "मम. टुमॉरो, मी, नो कॉल. ओके? संडे, कॉल." पलीकडून बराच वेळ काही आवाजच आला नाही.

दुसरी सवय टीचर टॉकिंग टाइमवाल्यांची. प्रशिक्षणात शिकवतात की वर्गात शिक्षकानं कमी बोलावं, मुलांना बोलू द्यावं. तत्त्व चांगलंच आहे. मात्र सेल्टासारखा एकशेवीस तासांचा अभ्यासक्रम नुकताच उरकून आलेला माणूस हे तत्त्व पहिल्या आठवड्यात स्टाफरूममधल्या प्रत्येकाला वेगवेगळं गाठून समजावून सांगतो. एकानं मला चाळीस मिनिटं समजावलं. मी दोनदा "हो" म्हणाले.

आणि गाऱ्हाणी. गाऱ्हाण्यांना अंत नाही. बँक, व्हिसा, पाऊस, पाऊस नसणं, वेळापत्रक आदल्या संध्याकाळी बदलणं. यातली निम्मी खरी असतात, वेळापत्रकाचं तर शंभर टक्के खरं. मला ती गाऱ्हाणी खुपत नाहीत, त्यांचं पहिलं वाक्य खुपतं. ते नेहमी "ही माणसं ना..." असं सुरू होतं. ही माणसं ना, कधी सरळ उत्तर देत नाहीत. ही माणसं ना, घोकंपट्टीपलीकडे विचारच करत नाहीत. परदेशी तरुणांना शाळांत इंग्रजी शिकवायला नेणाऱ्या जपानच्या सरकारी जेट योजनेतून आलेला एकजण अशा वेळी हमखास म्हणतो, "एव्हरी सिच्युएशन इज डिफरंट." १९८७ पासून चालू असलेल्या त्या योजनेत हे वाक्य इतकं वापरलं जातं की त्याची आद्याक्षरंच तिथला मंत्र झाली आहेत. कुणी काहीही विचारा, प्रत्येकाची परिस्थिती वेगळी. त्याच्या मते यानं वाद मिटतो. मला वाटतं, यानं फक्त बोलणं संपतं.

तर, 'ही माणसं'. आमच्या स्टाफरूमच्या कोपऱ्यात खिडकीशी एक टेबल आहे. तिथं शाळेच्या एक स्थानिक सहायक शिक्षिका बसतात. आमच्या घरांचे करार त्यांनी वाचून दाखवलेत, आमच्या विजेच्या बिलांचे खुलासे केलेत. एकाचं अपेंडिक्स काढायचं होतं तेव्हा रात्री दोन वाजता त्याच्या वतीनं डॉक्टरांशी त्याच बोलल्या. त्यांचं इंग्रजी स्वच्छ आहे. असणारच, पंचवीस वर्षांपूर्वी आमच्यासारख्याच कुणाकडून शिकल्यात. त्या टेबलापासून आमचं गाऱ्हाण्यांचं टेबल हाताच्या अंतरावर. 'ही माणसं ना' सुरू झालं की त्या स्टेपलर उचलतात आणि प्रश्नपत्रिका स्टेपल करायला घेतात. खट्, खट्, खट्. काही दिवस तर मला संशय होता की त्या आधीच स्टेपल केलेले गठ्ठे पुन्हा स्टेपल करतात. मग एके दिवशी माझ्या हाती एक प्रश्नपत्रिका आली. कोपऱ्यात चार पिना.

आता जरा माझा स्वार्थाचा विषय.

कोरियात इंग्रजी शिकवायला जो ई-२ व्हिसा लागतो, तो मुख्यतः सात देशांच्या पासपोर्टवाल्यांसाठी: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. तसं लिहिलेलं नसलं तरी कोरियाबाहेरच्या कित्येक जाहिरातींतही हीच यादी डोक्यात धरलेली असते. 'नेटिव्ह स्पीकर हवा.' १९६१ साली युगांडातल्या मकेरेरे इथं इंग्रजीच्या अध्यापनावर राष्ट्रकुल परिषद झाली. जन्मजात इंग्रजी बोलणारा हाच आदर्श शिक्षक, ही समजूत तिथून पुढं या धंद्यात पक्की बसली. भाषाशास्त्रज्ञ रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ साली तिला सरळ 'फॅलसी', म्हणजे भ्रामक समजूत, म्हटलं. म्हणून झालं, लोकांनी ते वाचलंही, आणि जाहिराती तशाच छापून येत राहिल्या.

नेटिव्ह सहकाऱ्यांविषयी मला राग नाही. असूया होती, ती साधारण चौथ्या वर्षी विरली. विरायचं कारण एक कॅनडाचा मुलगा. एकदा तास संपल्यावर तो घाईघाईनं माझ्याकडे आला. वर्गात कुणीतरी लिहिलं होतं, 'आय हॅव सीन हिम यस्टरडे.' हे चूक आहे हे त्याला ठाऊक होतं. का चूक, हे एका मुलीनं विचारलं आणि त्याची बोलती बंद झाली. "इट जस्ट साउंड्स राँग," तो मला म्हणाला. मी कागदावर रेघ मारली. 'हॅव सीन'च्या एका टोकाची मुळं आत्तामध्ये असतात, आणि 'यस्टरडे' म्हटलं की आपण दार लावून त्या खोलीबाहेर पडतो, दोन्ही एका वाक्यात नांदत नाहीत. तो कागदाकडे पाहत राहिला. "तुला हे कुठून माहीत?" मी म्हटलं, छड्या खाऊन. हे अगदी खोटं नव्हतं.

ज्याला भाषा जन्मतः मिळाली त्याला तिच्या आतल्या खिळ्यांची जागा माहीत नसते. मला आहे, कारण प्रत्येक खिळा मला पायात मोडलेला आहे. 'अ' आणि 'द'चं उदाहरण घ्या. मराठीत आर्टिकल नाही. माझ्या विद्यार्थ्यांच्या भाषेतही नाही. 'मी पुस्तक वाचलं' एवढ्यात आमचं भागतं. कुठलंसं पुस्तक की तेच ते पुस्तक, हे आम्ही शब्दांच्या क्रमानं, 'ते' लावून, किंवा नुसतं समोरच्याच्या अकलेवर सोडून सांगतो. त्यामुळं मुलं 'द'वर अडखळतात तेव्हा ती कुठं अडखळलीत ते मला दिसतं. मी तिथंच पडले होते.

त्याच कॅनडाच्या मुलानं दुसऱ्या दिवशी, बैठक अलीकडे घ्यायची चर्चा चालू असताना, माझं 'प्रीपोन' दुरुस्त केलं. "असा शब्द नाहीये." मी म्हटलं, आहे, आमच्याकडे करोडो लोक वापरतात. त्यावर तो अगदी प्रेमानं म्हणाला, "हो, पण बरोबर इंग्रजीत नाहीये."

आपलेही काही कमी नाहीत, हे सांगायला हवं. दुसऱ्या देशात आमच्या शाळेत एक भारतीय सहकारी होता. वर्गाच्या उंबऱ्यावर पाय पडला की त्याच्या 'वॉटर'चं 'वॉडर' व्हायचं आणि तास संपला की पुन्हा पाणी. आम्ही सहा महिने एकमेकांशी इंग्रजीत बोललो. त्याला विचारलं तेव्हा कुठला म्हणून त्यानं एका मोठ्या शहराचं नाव मोघम सांगितलं होतं. एकदा तो माझ्या शेजारी बसून उत्तरपत्रिका मोजत होता आणि मी ऐकलं, तोंडातल्या तोंडात, "सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस, तीस..." मी मान वर केली. त्यानंही केली. एक क्षण थांबला, खाली पाहिलं आणि पुढं मोजलं, "थर्टी-वन, थर्टी-टू." मीही काही बोलले नाही. आम्ही पुढचं सगळं वर्ष इंग्रजीतच काढलं.

मी का बोलले नाही, याचं कारण आहे. माझं नाव ऋजुता. पहिल्या देशात, पहिल्या नोकरीत, शाळेच्या समन्वयक बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या की हे नाव पालकांना जड जाईल, काहीतरी सोपं ठरव. दोन मिनिटांत मी 'रुबी' ठरवलं. आवाज थोडा जवळचा वाटला म्हणून. महिन्याभरानं पालकसभा झाली. व्यासपीठावर एकेका शिक्षकाची ओळख करून देत होते. माझी पाळी आली तेव्हा माइकवर ऐकू आलं, "टीचर रुबी, फ्रॉम कॅनडा." मी बाजूला पाहिलं, दुसरी कुणी रुबी आहे का. नव्हती. मग मी पालकांकडे पाहून हात हलवला. सभा संपल्यावर एका आईनं मोठ्या अदबीनं विचारलं, कॅनडात हिवाळा फार कडक असतो ना? मी म्हटलं, "व्हेरी कोल्ड."

मी कॅनडाला आजवर गेलेली नाही. पुढचे आठ महिने मी त्या शाळेत कॅनडाची होते. पगार त्या हिशेबानं मिळत होता आणि कुणी पुन्हा विचारलं नाही. सहकाऱ्यांच्या सवयींची यादी करायला बसले की ही नोंद मधूनच डोकं वर काढते, म्हणून इथं लिहून टाकली.

पण या सगळ्या सवयी म्हणजे पायातले खडे. बूट झटकला की झालं. एक मात्र मला अजून जमत नाही सहन करायला, आणि तिला आमच्या लोकांत सवय असं कुणी म्हणतही नाही. ती म्हणजे कायम जायच्या तयारीत राहणं.

या धंद्यात 'मिडनाइट रन' नावाचा एक प्रकार आहे. पगार खात्यावर जमा झाला की त्याच रात्री सामान उचलायचं आणि विमानतळ गाठायचा. करार, नोटीस, वर्ग, सगळं मागं. सकाळी पहिल्या तासाला तीस मुलं आणि रिकामी खुर्ची. कधी कधी पळणाऱ्याची बाजू खरी असते, हे मला मान्य आहे. २००७ साली जपानमधली भाषाशाळांची एक प्रचंड साखळी बुडाली तेव्हा हजारो परदेशी शिक्षक पगाराविना अडकले होते. शाळा काय करू शकतात हे ज्यानं पाहिलंय तो पळणाऱ्याला फार बोल लावत नाही. पण बहुतेक जण असे पळत नाहीतच. ते रीतसर जातात, केक कापून जातात. तरीही आल्या दिवसापासून त्यांचं एक पाऊल दाराबाहेर असतं. भिंतीवर खिळा ठोकायचा नाही. मशीन अडलं तर दुरुस्त करायचं नाही, शेजारच्या मजल्यावरचं वापरायचं. भाषा शिकायची नाही, 'कुठं आयुष्य काढायचंय इथं.' आणि मुलांची नावं शिकायची नाहीत.

नावं शिकायची नाहीत म्हणून नावं द्यायची. पहिल्या दिवशी वर्गात जायचं, इंटरनेटवरून काढलेली यादी उघडायची आणि वाटत सुटायचं. तू केविन. तू लिली. तूही केविन, बरं, तू केविन बी. काही मुलं स्वतःच निवडतात, आणि ती धमाल असते. माझ्या एका वर्गात एका मुलानं स्वतःचं नाव ट्रॅक्टर ठेवलं होतं आणि दोन वर्षं त्यानं ते कुणाला बदलू दिलं नाही. त्याच्याविषयी मला नितांत आदर आहे. पण बाकीच्यांना नावं लागतात ती अशीच, पाहुण्यानं जाता जाता हातावर टेकवल्यासारखी.

गेल्या वर्षी एकजण सत्राच्या मध्येच गेला आणि त्याचा वर्ग माझ्याकडे आला. वर्गासोबत हजेरीपट आला. तिसऱ्या पानावर, सतराव्या ओळीत, एका मुलीच्या नावाच्या रकान्यात 'एमिली' लिहून खोडलेलं होतं. त्याच्यावर 'ग्रेस'. तेही खोडलेलं. त्याच्या बाजूला, जागा नसल्यामुळं तिरकं, 'क्लोई'. त्यावर एक बारीक रेघ, आणि पुढं प्रश्नचिन्ह. तीन अक्षरं, तीन शाया. मी चौकशी केली. पहिल्या शिक्षकाच्या वर्गात आणखी एक एमिली होती. ग्रेस हे दुसऱ्याच्या जुन्या मैत्रिणीचं नाव निघालं, त्याला रोज हाक मारायला जड जात होतं. तिसऱ्यानं रेघ का मारली हे सांगायला तो आता या खंडातच नव्हता. या सगळ्याखाली, रकान्याच्या तळाशी, तिथल्या लिपीत, पेन्सिलीनं, मुंगीएवढ्या अक्षरांत तिचं खरं नाव. ते कुणी खोडलं नव्हतं. कुणाला वाचता येत नव्हतं ना.

पहिल्या दिवशी मी तिच्या बाकाशी पोचले तेव्हा ती उभी राहिली. नऊ वर्षांची. हात बाजूला, अगदी लसीच्या रांगेत उभं राहावं तशी. आणि म्हणाली, "टीचर, माय न्यू नेम?"

मी म्हटलं, नवीन नाही. तुझं जे आहे ते सांग.

तिनं सांगितलं. मी म्हटलं. वर्ग खदखदून हसला. मी पुन्हा म्हटलं, पुन्हा हसला. त्या भाषेत सुराला अर्थ असतो. तिच्या नावातलं पहिलं अक्षर आधी खाली जातं आणि मग वर येतं, तेव्हा त्याचा अर्थ पाऊस. मी ते सरळ वर चढवत होते. चढवलं की मासा. आधीचे ज्यांनी कधी तिचं खरं नाव घ्यायचा प्रयत्न केला असेल, त्यांनीही तिला मासाच म्हटलं असणार. हे मला खिडकीशी बसणाऱ्या त्या बाईंनी नंतर सांगितलं, आणि सांगताना पहिल्यांदा मी त्यांना हसताना पाहिलं. स्टेपलर टेबलावर होता.

मी सुरुवातीला जरा रागावलेच. इतका बारीक फरक! मग आठवलं, आपल्याकडे 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे मरू नकोस. लिहिताना एकच, आणि एकातला 'ज' टाळूशी, दुसऱ्यातला दातांशी. लीड्सच्या माणसाला मी हे दहा वेळा म्हणून दाखवलं तर दहाही वेळा तो म्हणेल, तू एकच शब्द दोनदा म्हणतेयस. आणि मी म्हणेन, अरे, कान कुठंयत तुझे.

रात्री मी हजेरीपटात सतराव्या ओळीत तिचं नाव देवनागरीत लिहिलं. रोमन लिपीपेक्षा ते बरं बसलं, पण सूर कुठं दाखवणार? लहानपणी गाण्याच्या वहीत मींड दाखवायला स्वरांच्या डोक्यावर कमान काढायचो. तशी कमान काढली, उलटी. झोळीसारखी. खाली जाऊन वर येणारी.

माझाही करार जूनपर्यंतच आहे. पुढं काय, विचारतात तेव्हा मी "बघू" म्हणते. कपाटावर बॅग आहे आणि ती रिकामी आहे असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. हजेरीपट पुढं कुणाच्या हातात जाईल, आणि त्याला ती उलटी कमान म्हणजे काय वाटेल, कुणास ठाऊक. शाईचा डाग वाटेल कदाचित.

सध्या आमचा क्रम असा आहे: हजेरीला मी तिचं नाव घेते, ती हवेत बोटानं झोळी काढून दाखवते, मी पुन्हा घेते. पाच महिने झाले. मधे दोन दिवस मला जमलं होतं, असं मला वाटतं. वर्गानं टाळ्याही वाजवल्या होत्या. परवा पुन्हा आत्मविश्वासानं हाक मारली. तिनं वहीतून डोकंसुद्धा वर काढलं नाही. लिहिता लिहिता म्हणाली, "फिश."